धंद्याची खरी किंमत कशी काढायची: दोन पार्टनरच्या मशीन शॉपचा पूर्ण हिशोब

२०२३ च्या मे महिन्यात काकांनी पप्पांना सांगितलं की आता बास, गुडघे चालत नाहीत, मुलगा बेंगलोरला बोलावतोय, माझा हिस्सा देऊन टाक. काका म्हणजे सख्खे नाहीत, पप्पांचे पार्टनर, पण मला कळायला लागल्यापासून काकाच. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत दोघांचं मशीन शॉप, तेव्हा १९ वर्षं झाली होती. फाउंड्रीवाले (धातू वितळवून भाग ओतणारे) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पाठवतात, आम्ही त्यावर टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग करून परत देतो, नगावर लेबर चार्जेस मिळतात. ११ माणसं, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन साधे लेथ, एक ड्रिल, कॉम्प्रेसर.

आता हिस्सा म्हणजे किती? काका म्हणाले, "वर्षाला एक कोटी बारा लाखाचं बिलिंग हाय, निम्मं माझं, छप्पन्न लाख दे." पप्पांनी ताळेबंद काढला, त्यात काकांच्या कॅपिटल अकाउंटला (फर्ममध्ये त्यांच्या नावावर जमा भांडवल) ८ लाख ३० हजार दिसत होते, ते म्हणाले हेच तुझं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, दोघांनाही आपला आकडा मनापासून बरोबर वाटत होता, आणि १९ वर्षं एका किटलीतला चहा पिणारी ही दोन माणसं पुढचे दोन आठवडे चहा वेगवेगळ्या वेळी घेत होती. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला होते, सुट्टी काढून आले आणि कागद घेऊन बसले. त्या वेळी जे शिकले ते पायरीपायरीने लिहितेय, कारण हा प्रश्न प्रत्येक छोट्या धंद्यात कधी ना कधी येतोच. भाऊ वेगळे होतात, पार्टनर जातो, बँक विचारते, कुणी विकत घ्यायला येतो.

पायरी १: बिलिंग बाजूला ठेवा

आधी हे डोक्यातून काढा की टर्नओव्हर म्हणजे धंद्याची किंमत. १ कोटी १२ लाखातून पगार, लाईट बिल, इन्सर्ट (कापणाऱ्या टूलची झिजली की बदलायची टोकं), कूलंट, टेम्पोभाडं, व्याज सगळं जातं, उरतं ते आपलं. ताळेबंदातलं कॅपिटलही किंमत नाही, कारण तिथे मशीन घसारा (जुनं होतं म्हणून दरवर्षी वहीत कमी केलेली किंमत) वजा करून दिसतं. इन्कम टॅक्सला मशिनरीवर १५ टक्के घसारा, तोही दरवर्षी उरलेल्या रकमेवर, म्हणजे २० लाखाचं मशीन ५ वर्षांनी वहीत ८ लाख ८७ हजारांचं होतं. बाजारात त्याला १२ मिळतील नाहीतर ६, वहीला त्याचं काही माहीत नसतं.

किंमत दोन बाजूंनी काढायची. एक, आज सगळं विकून देणी भागवली तर हातात किती राहतं. दोन, हा धंदा मालकाची मेहनत सोडून स्वतः किती कमावतो. दोन्ही आकडे काढायचेच. एकच काढून थांबला की आमच्या घरात झालं ते होतं.

पायरी २: नफा साफ करून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका. नफातोटा पत्रकातला नफा टॅक्ससाठी काढलेला असतो, धंद्याची तब्येत कळायला नाही. त्यात घरचं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि घरच्यांची फुकटची मेहनत मात्र दिसत नाही. आमचा २०२२-२३ चा निव्वळ नफा ११ लाख ८० हजार होता. त्यात आधी हे परत मिळवलं:

पार्टनरचा पगार, प्रत्येकी ३ लाख: ६.०० लाख
बँकेचं व्याज: २.२० लाख
गाडी, पेट्रोल, घरचे मोबाईल, म्हणजे फर्मच्या नावावर टाकलेला घरखर्च: १.५० लाख
वहीतला घसारा: ४.६० लाख

बेरीज २६ लाख १० हजार. बघून काका खूश झाले. पण आता वजा करायचं, आणि इथे प्रामाणिक राहायला लागतं.

पप्पा सकाळी ८ ला शॉपवर जातात, सेटिंग करतात, ऑपरेटर आला नाही तर स्वतः मशीनवर उभे राहतात. उद्या त्यांच्या जागी बाहेरचा सुपरवायझर ठेवला तर ५० हजारांच्या खाली येत नाही, वर्षाला ६ लाख. काका पार्ट्या (गिऱ्हाईकं), रेट, वसुली बघायचे, त्या कामाला ४५ हजार, वर्षाचे ५ लाख ४० हजार. आई घरबसल्या चलान आणि बिलं करायची, १५ वर्षं एक रुपया न घेता, त्याला १२ हजार महिना धरले, १ लाख ४४ हजार. (हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा आई काही बोलली नाही, पण तो कागद तिने दोनदा हातात घेऊन बघितला.) शेड दोघांच्या नावावर असल्याने फर्म भाडं देत नव्हती, २००० स्क्वेअर फूट, १२ रुपयांनी महिन्याला २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. आणि वहीतल्या घसाऱ्याऐवजी खरी झीज: सगळी मशीनं आज नवीन घ्यायची तर ७२ लाख लागतील, १२ वर्षं चालतील असं धरलं, म्हणजे वर्षाला ६ लाख.

सगळं मिळून वजा २१ लाख ७२ हजार. उरले ४ लाख ३८ हजार.

२६ लाखावरून ४ लाखावर. कुणीच काही बोललं नाही, बाहेर कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा येत होता. पण हाच आकडा खरा आहे. बाकीचा पैसा दोन माणसांच्या, एका बाईच्या, एका शेडच्या आणि झिजणाऱ्या मशीनांच्या कष्टाचं भाडं होतं. माझं ठाम मत झालंय की छोट्या धंदेवाल्याने आयुष्यात एकदा तरी ही वजाबाकी करावी, मग विकायचं असो वा नसो. खूप धंदे असे असतात की मालकाचा पगार धरला की खाली काही उरत नाही. त्यात लाज नाही, पण माहीत असायला हवं, कारण अशा धंद्याला दुसरा माणूस गुडविल (सामानाच्या किमतीवर नावाचे, ओळखीचे जादा पैसे) देणार नाही.

एक गोष्ट आणखी. जे वहीत नाही ते किमतीत नाही. भंगाराचे, बोरिंगचे (मशीनवर निघालेल्या चुऱ्याचे) रोख पैसे, बिल न केलेली कामं, यावर घेणारा एक पैसा देत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. ज्यांनी रिटर्नमध्ये कायम ८ किंवा ६ टक्क्यांची ठोक स्कीम (खर्च न दाखवता बिलिंगच्या तेवढे टक्के नफा धरायचा) घेऊन तेवढाच नफा दाखवलाय त्यांना हे फार जाणवतं. टॅक्स वाचतो, पण पाच वर्षांनी बँकेत किंवा गिऱ्हाईकासमोर बसल्यावर खरा नफा १५ टक्के होता हे सिद्ध करायला हातात कागद नसतो. ठोक स्कीम घ्या हवी तर, पण खर्चाची वही स्वतःसाठी तरी नीट ठेवा.

पायरी ३: एका वर्षावर जाऊ नका, पण कुठली वर्षं धरायची ते ठरवा

साधारण तीन ते पाच वर्षांची सरासरी काढतात. अकरावी-बारावीला बुककीपिंग होतं त्यांना गुडविलची गणितं आठवतील, सरासरी नफा गुणिले अमुक वर्षं. फक्त पुस्तकात पूर आणि लॉकडाऊन नव्हता. आमचे साफ केलेले आकडे असे आले: २०२०-२१ ला १ लाख ९० हजार तोटा, २०२१-२२ ला ३ लाख १० हजार, २०२२-२३ ला ४ लाख ३८ हजार. काका म्हणाले लॉकडाऊनचं वर्ष सोड, पुराचंही सोड. लॉकडाऊनचं सोडलं, ते मान्य, तसं रोज होत नाही. पण पुराचं नाही सोडलं. ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, जुलै २०२१ ला परत आलं, गाड्या बंद, कास्टिंग नाही, कामगार नाहीत. तीन पावसाळ्यांत दोनदा झालेली गोष्ट अपवाद कशी म्हणणार? ती या जागेवर धंदा करण्याचा खर्च आहे. तुमच्याकडे तसंच काहीतरी असेल, लाईटचा घोळ, एखादी पार्टी दर दोन वर्षांनी बुडवते, सीझन कोरडा जातो. "ते एकदाच झालं" असं म्हणायच्या आधी मागची दहा वर्षं आठवा.

जवळच्या वर्षाला जास्त वजन दिलं, २०२१-२२ ला एक आणि २०२२-२३ ला दोन, सरासरी आली ३ लाख ९५ हजार. हा आमचा टिकाऊ नफा.

पायरी ४: सामानाची आजची किंमत, देण्यांसकट

मशीनची किंमत स्वतः ठरवू नका, जुन्या मशीनचे डीलर बोलवा, निदान दोघं. आमच्याकडे एक आला, त्याने आधी कंट्रोलर कुठला ते पाहिलं, मग व्हीएमसीचा स्पिंडल रिकामा फिरवायला सांगितला आणि डोळे मिटून कान देऊन ऐकत राहिला, एक मिनिटभर तरी. मग म्हणाला, बेअरिंग वर्षभरात जाईल, साडेअकरा लाख. पप्पांना तो आवाज दीड वर्षापासून माहीत होता. घरच्या माणसाने काढलेली किंमत आणि बाहेरच्याने काढलेली किंमत यात फरक पडतो तो असा.

व्हीएमसी ११.५, दोन सीएनसी ५ आणि ८, लेथ-ड्रिल-कॉम्प्रेसर २.५, टूलिंग आणि गेज १.५, मिळून २८ लाख ५० हजार. वहीत हेच १६ लाख २० हजार होतं.

मग येणी, म्हणजे पार्ट्यांकडून यायचे पैसे. वहीत २१ लाख. पण उधारीची यादी तारखेप्रमाणे लावा, शून्य ते ४५ दिवस, ४५ ते ९०, ९० ते १८०, १८० च्या वर, वर्षाच्या वर. एका बंद पडलेल्या फाउंड्रीकडे ३ लाख ६० हजार वर्षाहून जास्त अडकले होते, ते शून्य धरले. सहा महिन्यांपूर्वीचे २ लाख होते, ते निम्मे धरले. राहिले १६ लाख ४० हजार. इथे काकांना सगळ्यात जास्त लागलं, कारण ती पार्टी त्यांनी आणली होती. त्यांना सांगितलं, ते पैसे कधी आले तर निम्मे तुमचे, तसं करारात लिहिलं. बुडीत येण्यावरून भांडण्यापेक्षा हा मार्ग फार सोपा.

इन्सर्ट आणि तेलाचा स्टॉक १.१०, बँक आणि लाईटचं डिपॉझिट १.८०. एकूण ४७ लाख ८० हजार.

देणी: टर्म लोन (हप्त्याने फेडायचं मशीनचं कर्ज) ९.४०, सीसी (कॅश क्रेडिट, रोजच्या खर्चासाठी बँकेची उचल) ८.००, सप्लायरचे ५.२०, जीएसटी-पीएफचे ०.९०. हे वहीत होतं. वहीत नव्हती ती ग्रॅच्युइटी, म्हणजे कामगार नोकरी सोडताना त्याला द्यायची रक्कम. दहा किंवा जास्त कामगार असले की ती लागू होते, आणि हिशोब असा: शेवटचा महिन्याचा पगार (२०२३ ला बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, धरायचे) गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. १८ हजारवाल्या माणसाची १२ वर्षं झाली असतील तर १ लाख २४ हजार ६१५. आमची सगळ्यांची मिळून ३ लाख २० हजार. हे कर्जच आहे, फक्त मागायला अजून कुणी आलेलं नाही. जाणारा पार्टनर हे टाळू बघतो आणि राहणाऱ्याच्या गळ्यात पडतं, म्हणून मुद्दाम लिहा.

एकूण देणी २६ लाख ७० हजार. ४७.८० वजा २६.७०, राहिले २१ लाख १० हजार, निम्मे म्हणजे १० लाख ५५ हजार.

शेड यात धरली नाही. एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या लीजवर असतो, नाव बदलायला एमआयडीसीची परवानगी आणि फी लागते, म्हणून जागेचा व्यवहार वेगळा ठेवला आणि काकांना त्यांच्या निम्म्या हिश्श्याचं १२ हजार महिना भाडं सुरू केलं. जागा आणि धंदा एका आकड्यात मिसळू नका, नेहमी गोंधळ होतो.

पायरी ५: गुडविल आहे का ते तपासा

धंद्यात गुंतलेलं भांडवल किती? बँकेचं कर्ज सोडून बाकीची देणी वजा केली की ४७.८० मधून ९.३० जातात, राहतात ३८ लाख ५० हजार. एवढे पैसे एवढी जोखीम घेऊन कुणी टाकले तर त्याला निदान १५ टक्के सुटायला हवेत, कारण तेव्हा बिनजोखमीची एफडीच ७ च्या आसपास देत होती आणि बँक आपल्याला १० ने कर्ज देत होती. १५ टक्के म्हणजे ५ लाख ७८ हजार. आमचा धंदा देतो ३ लाख ९५ हजार. म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, गुडविल शून्य. तुमचा आकडा जास्त आला तर वरचा जो फरक, त्याला दोन किंवा तीन वर्षांनी गुणा, ते तुमचं गुडविल.

दुसऱ्या पद्धतीने पाहिलं तरी तेच. बाहेरचा घेणारा विचारतो माझे पैसे किती वर्षांत फिटतील. तीन वर्षं म्हणाला तर ३.९५ गुणिले ३, जेमतेम १२ लाख. पाच वर्षं धरली तरी २० लाखाच्या आत. त्यापेक्षा नुसती मशीनंच साडेअठ्ठावीस लाखांची आहेत, तो धंदा कशाला घेईल, मशीनं घेऊन जाईल.

दुकान, खानावळ, मेडिकल यांचं वेगळं, तिथे गुडविल जागेला आणि सवयीला चिकटलेलं असतं. पण मग भाडेकराराची मुदत बघा. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर चाललेल्या खानावळीला कुणी १५ लाख गुडविल देत असेल तर तो घरमालकाच्या मर्जीवर १५ लाख लावतोय.

आता खरा पेच. हिशोबात गुडविल शून्य आलं, पण काकांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. ते म्हणाले, "पार्ट्या माझ्या फोनवर येतात. उद्या मी दुसऱ्याला नंबर दिला तर?" आणि ते खरंच होतं, सहा पार्ट्यांपैकी चार काकांना ओळखत होत्या, पप्पांना फक्त चेहऱ्याने. ही किंमत आज पैशात देता येत नाही, कारण पार्टी टिकेल का ते आज कळत नाही. मग ती टिकली तर द्यायची. ठरलं असं की काकांच्या पार्ट्यांच्या बिलिंगवर २४ महिने दीड टक्का, आणि बदल्यात काका स्वतः पप्पांना आणि मला घेऊन प्रत्येक फाउंड्रीत जाणार, आणि तीन वर्षं या भागात हेच काम करणार नाहीत. भागीदारी कायद्यात बाहेर पडलेल्या पार्टनरला स्पर्धेतला धंदा करायची मुभा आहे, पण ठरावीक काळ किंवा ठरावीक भागापुरतं तसं न करण्याचा वाजवी करार करता येतो, कलम ३६. सगळ्याच पार्ट्यांचं धरलं तरी महिन्याचं बिलिंग साधारण ९ लाख ३३ हजार, दीड टक्का १४ हजार, दोन वर्षांत जास्तीत जास्त ३ लाख ३६ हजार. पार्टी गेली तर देणं थांबतं. दोघांनाही पटलं, आणि काका पार्टीकडे जाताना मला "ही आता बघणार" म्हणून ओळख करून द्यायला लागले, त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो.

पायरी ६: किंमत ठरली, आता धंद्याला ती झेपते का

इथे भरपूर लोक फसतात. किंमत बरोबर असते, पण एकरकमी दिली की सीसी फुल्ल होतं आणि सहा महिन्यांत पगाराला पैसे नसतात. नफा आणि रोकड वेगळ्या गोष्टी. आमची वर्षाची रोकड अशी (आकडे लाखांत): टिकाऊ नफा ३.९५, झीजेचे बाजूला काढलेले ६.००, आईचे न दिलेले १.४४, निम्मं भाडं वाचलं ते १.४४, आणि मी नोकरी सोडून काकांच्या जागी ४५ ऐवजी २५ हजारांवर आले, त्याचे २.४०. बेरीज १५.२३. बँकेचं व्याज आणि हप्ते ५.३० गेले, फर्मचा टॅक्स साडेतीनच्या आसपास गेला (फर्मला सरसकट ३० टक्के आणि वर सेस), राहिले साधारण ६.४०. त्यातले दीड लाख मोठ्या रिपेअरला, ते बेअरिंग डोक्यात होतंच. हातात वर्षाला ४ लाख ९० हजार.

म्हणून १० लाख ५५ हजारांतले ३ लाख लगेच आणि ७ लाख ५५ हजार ३६ महिन्यांत ८ टक्क्यांनी, महिना २३ हजार ६५९. वर्षाला २.८४, त्यात काकांचा दीड टक्का जास्तीत जास्त १.६८, मिळून ४.५२. बसतं, पण अंगाला घट्ट.

व्याज का? कारण भागीदारी कायद्यातच आहे, कलम ३७: पार्टनर गेला, हिशोब न करता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर तो वाटल्यास नफ्यातला त्याच्या पैशाच्या वाट्याचा हिस्सा मागू शकतो, नाहीतर ६ टक्के व्याज. त्यामुळे "देतो की सावकाश" हे फुकट नसतं, आणि ठरवून लिहून घेतलेलं दोघांनाही बरं.

पायरी ७: कागद

थोडक्यात, पण यातलं एकही सोडू नका. दोनच पार्टनर असतील आणि एक गेला तर फर्म उरत नाही, निदान दोघं लागतात, म्हणून आधी मला पार्टनर घेतलं, मग काका निवृत्त झाले. निवृत्तीची जाहीर सूचना द्या, नाहीतर बाहेरच्यांसाठी गेलेला पार्टनर पार्टनरच राहतो. जीएसटीत एका महिन्याच्या आत कळवा, नाही कळवलं तर कळवेपर्यंतच्या थकबाकीला तोही जबाबदार. बँकेकडून काकांची पर्सनल गॅरंटी काढून घेतल्याचं पत्र घ्या, याला आम्हाला साडेतीन महिने आणि नऊ फेऱ्या लागल्या, बँकेतला माणूस दर वेळी वेगळा कागद मागायचा, तेव्हा हे काम पहिल्या दिवशी सुरू करा. धंदा बाहेरच्याला पूर्ण विकत असाल तर जुन्या जीएसटी थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात, म्हणून घेणाऱ्याने आधी पोर्टलवरची बाकी तपासायचीच.

हाच हिशोब रोजच्या निर्णयाला कसा लावायचा

काका निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत एका फाउंड्रीने सांगितलं, दुसरं व्हीएमसी घ्या, काम देतो. मशीन २४ लाख, बँक २० लाख देणार, १० टक्के, ५ वर्षं, हप्ता ४२ हजार ४९४. पप्पा हो म्हणायला निघाले होते. मी तासाचा हिशोब केला. रेट तासाला ४००. दोन शिफ्ट, १६ तास, २५ दिवस, पण मशीन पूर्ण वेळ कुठे चालतं, सेटिंग, कास्टिंगची वाट, लाईट. ६५ टक्के धरलं तर २६० तास, १ लाख ४ हजार. दोन ऑपरेटर ३६ हजार, वीज तासाला ८ युनिट ९ रुपयांनी १८ हजार ७००, इन्सर्ट-कूलंट-मेंटेनन्स १५ हजार. उरले ३४ हजार ३००. हप्ताच निघत नाही. तेच मशीन ८५ टक्के चाललं, ३४० तास, तर तसाच खर्च वजा जाऊन ५५ हजार ९०० उरतात आणि हप्ता देऊन १३ हजार हातात येतात. म्हणजे प्रश्न मशीनचा नव्हताच, महिन्याला ३४० तास काम कोण लिहून देणार हा होता. फाउंड्रीला विचारलं, महिन्याचं किमान शेड्यूल मेलवर द्या. नाही दिलं. मशीन घेतलं नाही.

त्याऐवजी उधारीवर बसलो. ११२ लाखाच्या बिलिंगवर २१ लाख अडकलेले, म्हणजे ६८ दिवस (येण्यांमध्ये जीएसटी असतो म्हणून खरं थोडं कमी, पण अंदाजाला चालतं). ते ४५ वर आणले तर ७ लाख मोकळे होतात, सीसीवर १० टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज वाचतं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याला २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा उशिरा दिलेल्या बिलाचा खर्च पार्टीला त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. व्यापाऱ्यांना हा फायदा नाही, जॉब वर्कवाल्यांना आहे. आम्ही भांडलो नाही, फक्त प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पार्ट्यांच्या अकाउंटंटला थकीत बिलांची यादी मेल केली. मालकाला दहा फोन करून जे होत नव्हतं ते अकाउंटंटला एका मेलने झालं, कारण टॅक्सचं उत्तर त्याला द्यायचं असतं.

रेटचंही तसंच. एका पार्टीचा नग १४ रुपयांना होता, २०१८ पासून तोच. तासाला किती नग निघतात ते घड्याळ लावून मोजलं, २२. तासाला ३०८ रुपये, आमचा खर्चच त्याच्या वर होता. काकांच्या काळापासूनची पार्टी, पप्पांना जड गेलं, पण १८ मागितले, साडेसतरा मिळाले.

सीएकडे किंवा घरच्यांसमोर हिशोबाला बसायच्या आधी एवढं जमा करा: मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद आणि रिटर्न, तारखेप्रमाणे लावलेली उधारीची यादी, मशीनची यादी घेतल्याच्या वर्षासकट, दोन डीलरचे आकडे, कर्जाची स्टेटमेंट, कामगारांची यादी रुजू झाल्याच्या तारखेसकट, भागीदारी करार, जागेचा करार. आणि एका वेगळ्या कागदावर घरातलं कोण कोण धंद्यात काय काम करतं आणि त्याला किती पगार मिळतो ते, शून्य असेल तर शून्य लिहा.